मंडईची इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत विक्रेते, वाचनालय आणि शेजारी यांची व्यवस्था कशी लावावी?

घाटमाथा:

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या मंडईची दुमजली इमारत आहे. खाली किराणा, फळे आणि नारळ-सुपारीचे गाळे, मधल्या चौकात ओट्यांवर बसणारे भाजीविक्रेते, वरच्या मजल्यावर सार्वजनिक वाचनालय आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांची अभ्यासिका अशी तिची रचना आहे. मागच्या अंगाला मासळीचा कट्टा असून त्याला लागूनच प्राथमिक शाळा भरते. पूर्वेकडे एक अरुंद बोळ सोडला की राहती घरे सुरू होतात आणि त्यांतली कित्येक अजून विटा-मातीची आहेत. मंगळवारी आठवडे बाजार भरतो, तेव्हा आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका पाट्या घेऊन येतात आणि जागा मिळेल तिथे बसतात.

इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली असून ती सी-१ वर्गात, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याच्या वर्गात आली आहे. सज्जाचे तुकडे पडू लागल्यामुळे खाली जाळी बांधली आहे, त्यामुळे अहवालाबद्दल शंका घ्यावी असे कोणालाच वाटत नाही. नवी इमारत व्हावी याबद्दलही दुमत नाही. काळजी आहे ती मधल्या काळाची. विक्रेत्यांना बसस्थानकामागच्या मैदानात हलवण्याचा विचार आहे. वाचनालयाचे काय करायचे हे अजून कोणी बोललेले नाही. बोळापलीकडचे लोक भिंतींना तडे जातील म्हणून धास्तावले आहेत. आणि शाळेच्या पालकांना धूळ व आवाज यांची चिंता आहे.

मुख्याधिकाऱ्यांनी नागरिकांची बैठक घेऊन लेखी सूचना मागवल्या आहेत. निवेदनात "नागरिकांची गैरसोय होऊ नये" असे मोघम वाक्य लिहून काही साधणार नाही, हे आम्हाला कळते. ज्यांनी अशी कामे जवळून पाहिली आहेत, त्यांनी नेमके काय मागावे, कोणत्या टप्प्यावर मागावे आणि कशावर अडून बसावे हे सांगावे, ही विनंती.

---

जमाखर्च:

घाटमाथा यांस नमस्कार. माझी सारी नोकरी नगरपालिकेच्या लेखा विभागात झाली, त्यामुळे मी या प्रश्नाकडे कागदांच्या क्रमाने पाहतो. पाडकामाची धूळ आणि आवाज डोळ्यांवर व कानांवर येतात म्हणून बैठकीत त्यांचीच चर्चा जास्त होते. परंतु विक्रेत्यांचे कंबरडे मोडते ते इमारत रिकामी झाल्यापासून नव्या पायाचा पहिला खड्डा घेतला जाईपर्यंतच्या काळात. रिकामी करण्याला एक नोटीस पुरते. बांधण्याला मात्र प्रशासकीय मान्यता लागते, तांत्रिक मान्यता लागते, निधीची तरतूद लागते. निविदेला प्रतिसाद आला नाही किंवा दर चढे आले तर फेरनिविदा काढावी लागते, तोवर दरसूची बदलली तर अंदाजपत्रक सुधारावे लागते, आणि मध्येच निवडणूक लागली तर कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश, आचारसंहितेत अडकतो. यांत कोणाचा हेतू वाईट असावाच लागतो असे नाही. एकेक पायरी नियमानेच लांबते आणि पत्र्याच्या कुंपणाआड मोकळा भूखंड पावसाळ्यामागून पावसाळे पाहतो.

पुण्याच्या शिवाजीनगर एसटी स्थानकाचे उदाहरण सर्वांसमोर आहे. मेट्रोच्या भुयारी स्थानकाच्या कामासाठी ते २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले. भुयारी स्थानक बांधून झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथून मेट्रो धावू लागली, तरी एसटीचा प्रवासी वाकडेवाडीलाच उतरत राहिला, कारण जमिनीखालचे काम संपले म्हणून जमिनीवरची इमारत आपोआप उभी राहत नाही. तात्पुरती जागा ही गावाच्या आयुष्यातली काही वर्षे असू शकते, हे धरूनच तिची आखणी झाली पाहिजे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, जागा सोडण्याच्या नोटिशीतच प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे क्रमांक आणि दिनांक, मंजूर निधी कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि कार्यादेश केव्हा अपेक्षित आहे, हे लिहून मागावे. ही माहिती देता येत नसेल, तर मुख्याधिकाऱ्यांनी बैठकीत तसे सांगावे. त्यावरूनच नागरिकांना कळेल की आपण किती लांबच्या प्रवासाला निघालो आहोत.

दुसरी गोष्ट परत येण्याच्या हक्काची. प्रत्येक गाळाधारकाला आणि ओटेधारकाला नगरपरिषदेच्या शिक्क्याचे नोंदपत्र मिळाले पाहिजे. त्यावर सध्याचा क्रमांक, क्षेत्रफळ, धंद्याचा प्रकार आणि नव्या इमारतीत मिळणारे क्षेत्रफळ यांचा उल्लेख असावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाडे कोणत्या सूत्राने ठरेल हे असावे. नव्या गाळ्यांचे भाडे नव्या मूल्यांकनाने ठरते आणि अनामत रक्कम फुगते. अशा वेळी कागदावर हक्क शाबूत असूनही कोथिंबीर-मिरची विकणारा माणूस परत येऊ शकत नाही, आणि त्याच्या जागी मोबाईलचे दुकान थाटले जाते. भाड्याचा ठराव सर्वसाधारण सभेत इमारत पाडण्यापूर्वी झाला पाहिजे, यावर आपण अवश्य अडून बसावे. इमारत उभी राहिल्यावर विक्रेत्यांच्या हाती काहीच उरत नाही.

कार्यादेश निघेपर्यंत जागा सोडू नये, असेच माझे मत आहे.

---

ओळंबा:

मी स्थापत्य अभियंता असून पाडकाम आणि पुनर्बांधणी दोन्हींवर साइटवर उभा राहिलेला माणूस आहे. जमाखर्च यांचे भाड्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु कार्यादेशापर्यंत थांबण्याच्या सल्ल्याला माझी स्पष्ट हरकत आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे गेली. ती महापालिकेचीच इमारत होती आणि पालिकेचे कर्मचारी आपल्या कुटुंबांसह तिच्यात राहत होते. सी-१ शेरा मिळालेल्या छताखाली वाटाघाटीसाठी माणसे बसवून ठेवणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. वरचा मजला आणि सज्जाखालची जागा आजच रिकामी करावी, मैदानात शेड उभी राहताच उरलेले विक्रेते हलवावेत, आणि लेखी हमीची लढाई बाहेर राहून लढावी. तिच्यासाठी इमारतीत बसून राहण्याची गरज नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि वृत्तपत्रातली बातमी हीही हत्यारेच आहेत.

आता पाडकामाविषयी. आपल्या परिस्थितीत मला सर्वांत नाजूक वाटतो तो पूर्वेचा बोळ. घणाचा पहिला घाव पडण्यापूर्वी बोळापलीकडच्या प्रत्येक घराची आतून-बाहेरून पाहणी व्हावी, भिंतींवर आधीच असलेल्या भेगांची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि घरमालक, कंत्राटदार व नगर अभियंता यांच्या सह्यांचा पंचनामा करावा. जुन्या भेगांवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून तिच्यावर तारीख घालतात. भेग हलली की काच तडकते. हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. पण त्याने "ही भेग आधीचीच होती" आणि "तुमच्या ब्रेकरने (काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राने) पडली" हा वाद मिटतो, आणि काच तडकताच काम थांबवून पद्धत बदलता येते. विटा-मातीच्या घरांशेजारी जड ब्रेकर लावू देऊ नये. पोकलेनला लावायचा काँक्रीट चावणारा जबडा मिळतो. त्याचा आवाज कमी असतो आणि जमिनीला हादरे फार कमी बसतात. भाडे जास्त पडते म्हणून कंत्राटदार तो आपणहून आणणार नाही, तेव्हा निविदेतच पद्धत नमूद करावी लागेल. बोळाकडची बाजू हातानेच, वरून खाली, उतरवून घ्यावी.

पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ४१३० आहे. त्याचा उल्लेख निविदेत असावा. वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या आधी तोडून बंद करणे, मजले वरून खाली क्रमाने उतरवणे आणि राडारोडा स्लॅबवर साठू न देणे या गोष्टी तिथे आहेत. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण आधीच कमकुवत असलेल्या स्लॅबवर मलबा साठला की तो एकदम खाली येतो.

मासळी कट्ट्यावर किंवा चौकावर जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतील, तर त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे तंतू, असते. ते वरून खाली टाकून फोडायचे नसतात. ओले करून, खिळे-बोल्ट सोडवून, अखंड उतरवून, गुंडाळून वेगळे न्यायचे असतात. शाळा लागून आहे, म्हणून हे काम सुट्टीतच झाले पाहिजे. पालकांनी एकच मागणी करायची झाली तर ती हीच करावी असे मी म्हणेन.

धुळीबद्दल मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे वाचण्याजोगी आहेत. पाडली जाणारी इमारत ओल्या कापडाने किंवा ताडपत्रीने सर्व बाजूंनी झाकणे, भोवती किमान २५ फूट उंचीचे पत्रे, पाडताना सतत पाणी मारणे, बाहेर पडणाऱ्या गाडीची चाके धुणे, असे त्यांत आहे. ती मुंबईपुरती असली, तरी तीच कलमे आपल्या निविदेत घालायला कोणाची आडकाठी नाही. मात्र अंदाजपत्रकात धूळ नियंत्रणाची स्वतंत्र बाब धरून तिला दर दिला पाहिजे. "कंत्राटदाराने आवश्यक ती काळजी घ्यावी" एवढ्यावर सोडले की टँकर फक्त अधिकाऱ्यांच्या भेटीच्या दिवशी येतो.

राडारोड्याचा हिशोबही मागा. दोन हजार चौरस मीटर बांधकाम असेल तर हजार टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मलबा निघतो, म्हणजे दहा टनी डंपरच्या शंभरहून अधिक फेऱ्या होतात. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त मलबा निघत असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागत असे. या नियमांची जागा घेणारे २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, तेव्हा निविदेच्या तारखेला कोणते लागू आहेत ते नगर अभियंत्यांकडून लिहून घ्यावे. फेऱ्या शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा आणि मंगळवार वगळून ठेवाव्यात. आवाजाबाबत केंद्राचे २००० चे नियम आहेत: शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र धरले गेले असेल तर दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, निवासी भागात ५५, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत अशा भागांत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवता येत नाहीत. दिवसा ब्रेकर ही मर्यादा ओलांडणारच, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून उपाय वेळापत्रकाचा आहे. मोठी तोडफोड उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवावी आणि परीक्षांच्या दिवसांत शाळेच्या बाजूला यंत्र लावू नये.

---

मेथीची जुडी:

माझी आई आणि मावशी आयुष्यभर मंडईत बसल्या. आमच्या गावची मंडई पाडली तेव्हा त्याही तात्पुरत्या शेडमध्ये गेल्या होत्या, म्हणून विक्रेत्यांच्या बाजूने लिहिते.

वर नोंदपत्राचा मुद्दा आला आहे, तो फार मोलाचा आहे. पण नोंद कोणाची होते हे पाहा. गाळेवाल्याकडे करारनामा असतो. ओटेवाल्याकडे निदान क्रमांक असतो. खाली गोणपाट टाकून बसणाऱ्या बाईकडे असते ती फक्त रोजची बाजार फीची पावती, आणि ती संध्याकाळी पिशवीच्या तळाशी चुरगळून जाते. सर्वेक्षणाच्या दिवशी जी बसलेली असेल तिचे नाव यादीत येते. आमच्याकडे सर्वेक्षण झाले ते आडवारी, दुपारी. आठवड्यातून एकदा-दोनदा माळव्याच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका त्या यादीत आल्याच नाहीत, आणि नव्या इमारतीत त्यांच्यासाठी जागाच आखली गेली नाही. आजही त्या बाहेर रस्त्यावर बसतात. तेव्हा सर्वेक्षण मंगळवारी, बाजार भरात असताना, आणि एकापेक्षा जास्त मंगळवारी करायला लावा. यादी मंडईच्या दारात लावून हरकतींना मुदत मागा. बायकांना आजपासून पावत्या सांभाळायला सांगा. एका वहीत तारखेवार चिकटवल्या तरी पुरे.

रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. आपल्या गावात ही समिती स्थापन झाली आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे मुख्याधिकाऱ्यांना विचारा. हा विषय तिच्यासमोर गेला पाहिजे.

मैदानातल्या शेडबद्दल सांगते. मंडईत जो ज्याच्या शेजारी बसत होता, तोच शेजार शेडमध्ये ठेवा. गिऱ्हाईक माणूस पाहून येते, आणि माणूस ओळखीच्या क्रमाने शोधते: आधी कांदे-बटाटे, मग पालेभाजी, मग लिंबू-मिरची. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या की तो क्रम मोडतो. शिवाय लघवीला जाताना टोपलीवर लक्ष ठेवणारी शेजारीणही दुरावते. आणि शौचालय. पुरुष कुठेही आडोसा शोधतात. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. बायकांसाठी पाणी आणि कडी असलेले शौचालय चालू झाल्याशिवाय एकाही विक्रेतीला हलवू नये, असे निवेदनात पहिल्या पानावर लिहा. शेडच्या पत्र्याची उंची पुरेशी ठेवायला सांगा, कारण बुटक्या पत्र्याखाली दुपारपर्यंत पालेभाजी पिवळी पडते. पावसाळ्यासाठी जमीन थोडी उचलून मुरूम टाकलेला हवा.

नव्या जागी पहिले काही महिने धंदा निम्म्यावर येतो असे धरून चला. तेवढा काळ बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे माफ करण्याचा ठराव मागणे गैर नाही. जुन्या मंडईच्या पत्र्यांवर, चारही बाजूंनी, कोण कुठे गेले याचे मोठे फलक हवेत, आणि ते मजकुराबरोबर बाणांनी व चित्रांनी दाखवलेले असावेत. गणपती आणि दिवाळी हे वर्षाचे खरे उत्पन्नाचे दिवस आहेत. त्यांच्या तोंडावर हलवाहलव करू देऊ नका.

---

घाटमाथा:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळंबा यांचे म्हणणे पटल्यामुळे वरचा मजला लगेच रिकामा करण्याची मागणी आम्ही निवेदनात सर्वांत वर घेत आहोत. भाड्याच्या सूत्राचा ठराव पाडकामाच्या आधी, बोळातल्या घरांचा सह्यांचा पंचनामा, सिमेंटच्या पत्र्यांचे काम सुट्टीत, मंगळवारचे सर्वेक्षण आणि बायकांचे शौचालय हे मुद्देही त्यात स्वतंत्रपणे मांडतो. रोजच्या तक्रारींसाठी नगरपरिषदेचा एक कनिष्ठ अभियंता नावानिशी नेमावा आणि त्याने दर मंगळवारी ठरलेल्या वेळी शेडमध्ये बसावे, असेही आम्ही लिहिणार आहोत, कारण विक्रेत्यांना धंदा सोडून कचेरीत जाणे परवडत नाही.

वाचनालयाबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. पुस्तके एखाद्या गोदामात ठेवून इमारत होईपर्यंत ते बंद ठेवावे, असा सूर बैठकीत निघाला होता.

---

वाचनकट्टा:

कृपया तसे होऊ देऊ नका. वाचनालय शासनमान्य असेल, तर त्याचे अनुदान अ, ब, क, ड या वर्गावर अवलंबून असते आणि वर्ग टिकवायला वाचनालय प्रत्यक्षात चालू असावे लागते. तेव्हा स्थलांतर करण्यापूर्वीच जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना नव्या पत्त्याचे आणि वेळांचे पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. सगळी पुस्तके हलवता आली नाहीत तरी चालेल. वर्तमानपत्रांचे टेबल, मासिके, बालविभाग आणि देवघेवीत सतत असणारी कपाटे एवढे दोन खोल्यांत मावते. शाळा सुटल्यावर तिथलेच दोन वर्ग संध्याकाळी अभ्यासिकेसाठी मागून पाहा. स्पर्धा परीक्षेची मुले वर्षभर थांबू शकत नाहीत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी बसायला वेगळी खोली नसते. मुलींसाठी परतीची वेळ आणि रस्त्यावरचा दिवा पाहून जागा निवडा.

उरलेली पुस्तके बांधताना विषयवार न बांधता कपाटाच्या खणाप्रमाणे बांधा. प्रत्येक पेटीवर कपाट क्रमांक, खण क्रमांक आणि दाखल नोंदवहीतले पहिले व शेवटचे क्रमांक लिहा, आणि यादीच्या दोन प्रती करून एक ग्रंथपालाकडे व एक संस्थेच्या कार्यवाहांकडे ठेवा. पेट्या थेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्यांऐवजी विटा किंवा लोखंडी घोडे वापरा, म्हणजे वाळवी लागण्याचा धोका कमी होतो. जुनी हस्तलिखिते, दुर्मीळ अंक किंवा गावच्या संस्थांचे जुने अहवाल असतील तर ते गोदामात पाठवूच नका. ते ग्रंथपालाच्या ताब्यात, कुलूपबंद लोखंडी कपाटात, चालू वाचनालयाच्या खोलीतच राहू द्या.